लाल टिपक्याची प्लेट

१

ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. बरं झालं, नाहीतर आत काय निघालं हे मला चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं असतं.

सोमवार, सकाळचे साडेनऊ. काच धुणारे मामा हातात जाड मोजे चढवून वाफ जायची वाट बघत होते. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या घरच्या कुकरचा थोरला भाऊ. त्यात गेलेला जंतू जिवंत बाहेर येत नाही. मामांनी तारेची टोपली वर काढली. तिच्यात बोटाच्या पेराएवढ्या बारा कुप्या होत्या, उघड्याबोडक्या, एकीवरही लेबल नाही. मामांनी त्या पाहिल्या, आणि मग टोपली टेबलावर नीट टेकवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"या इथं कशा?" ते म्हणाले. "या तर फ्रीझरातल्या."

डीप फ्रीझर उघडून पाहिला. खोक्यातले चाळीस नंबरचे बाराही खण रिकामे होते.

मी मंजुरी समितीची तपासनीस. माझ्यामागे मला शंकासूर म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि एकूण ते बरोबरच आहे. या विभागानं लघवीच्या नळीवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप चढवला होता. नळी अंगात चार दिवस राहिली की तिच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहिलं की जसा धरतो तसाच. त्या थराखाली जंतू सुखात राहतात, औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. चांदीचे कण मात्र पोचतात, असं विभागाचं म्हणणं. अहवालात एकोणचाळीस जातींचे जंतू होते आणि एकोणचाळीसही मेले होते. शुक्रवारी माझी सही झाली की शनिवारपासून रस्त्यापलीकडच्या वॉर्डातल्या बावीस खिळून पडलेल्या रुग्णांना ही नळी बसणार होती.

पण जंतूंच्या रजिस्टरात ओळी होत्या चाळीस. म्हणून गेल्या आठवड्यात मी एका ओळीचं पत्र धाडलं होतं: चाळीस नंबर कुठे आहे?

आता तो माझ्यासमोर शिजून पडला होता. माझं पत्र वाचूनच कुणीतरी त्याला शिजवलं, एवढं समजायला शंकासूर असायची गरज नव्हती.

मी रजिस्टर मागवलं. शेवटची ओळ त्रोटक होती: "चाळीस. नळीवरून." कुणाकडून मिळाला, हा रकाना कोरा. अक्षर मी हजारांत ओळखलं असतं.

विभागात संशोधन करणारी मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं तारखेवर बोट ठेवलं आणि ते झटकन मागे घेतलं.

"बाईंचं अक्षर आहे," ती म्हणाली. "पण त्या तारखेला बाई इथं नव्हत्याच. त्या पलीकडे वॉर्डात होत्या. त्यांना कमरेखाली हलता येत नव्हतं. नऊ दिवसांनी त्या गेल्या."

२

बाई आणि मी एका बाकावर शिकलो. ती डावखुरी, मी उजवी. प्लेटवर रेघा ओढताना कोपराला कोपर लागायचं, आणि दोघींच्या प्लेटा बिघडायच्या. मास्तरांनी आम्हाला तीनदा वेगळं बसवलं, आम्ही तीनदा पुन्हा शेजारी आलो.

जंतू वाढवायची प्लेट म्हणजे काचेची उथळ डबी, तिच्यात आगराचा खरवसासारखा थर. तापवून निवलेल्या तारेच्या टोकावर जंतू घ्यायचे आणि थरावर नागमोडी रेघा ओढत जायचं. प्रत्येकाची रेघ वेगळी, सहीसारखी. बाईची उलट्या अंगानं फिरायची आणि शेवटी एक बारीकशी शेपटी सुटायची. "ही माझी मांजर," म्हणायची.

ती आजारी पडली तेव्हा मी येते, येते म्हणत राहिले. आले ती चौदा महिन्यांनी, हातात तपासणीचे कागद घेऊन.

तिची जागा कुणी हलवली नव्हती. उंच स्टूल, खुंटीवर अ‍ॅप्रन, डावखुऱ्यांची कात्री. समोर भिंतीत काचेची सरकती खिडकी होती. तिच्यातून धुतलेली भांडी धुण्याच्या खोलीतून इकडे यायची. जंतू उबवायचा इनक्युबेटर एकसारखा घुमत होता, आणि त्या उबदार घुमण्यात मला सारखं वाटत होतं की कुणीतरी माझ्या डाव्या कोपराशी बसलंय. मी या वयात असल्या गोष्टी मानत नाही. तरी दोनदा कोपर आत घेतलं.

विभागाचे सर म्हणजे बाईचे यजमान. समितीला हे माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं की मी कुणाचेच लाड करत नाही.

"ताई, चाळीसचं मला काही ठाऊक नाही," सर म्हणाले. चौदा महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. "शेवटच्या दिवसांत ती काहीबाही लिहायची. ताप डोक्यात गेला होता."

"तापात कुणी बारा कुप्या भरून खोक्यात ओळीनं लावत नाही."

"मग तुम्हीच शोधा." त्यांनी चष्म्याची डबी टेबलावरून उचलून खिशात टाकली. चष्मा डोळ्यांवरच होता. "मला एवढंच कळतं की ही नळी चालते. वॉर्डात बावीस माणसं आहेत. तुमच्या एका ओळीपायी त्यांनी किती थांबायचं?"

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, धाकटीकडे, मामांकडे आणि कंपनीवाल्याकडे." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तुम्ही आला नाहीत. ती रोज विचारायची."

मी वही मिटली आणि गुडघा धरून उठले.

३

कंपनीवाला गोल चेहऱ्याचा, सदा हसरा. लेप चढवायचं यंत्र त्याच्या कंपनीचं.

"मॅडम, मी कशाला कुप्या शिजवू? मला तो बंब चालवायला येतो कुठे? मला नको असत्या तर खिशात घालून नेल्या असत्या आणि दिल्या असत्या नाल्यात टाकून."

तोंडाळ होता, पण खरं बोलत होता. टोपलीतल्या प्रत्येक कुपीचं झाकण पाव आट्यानं सैल होतं. वाफेत कुपी फुटू नये म्हणून असं करतात, आणि ते ज्याच्या हाताला वळण आहे तोच करतो.

त्यानं माझ्यासमोर दोन नळ्या ठेवल्या. "ही साधी, ही आपली."

साधी नळी दुधासारखी पांढरी होती. दुसरीवर फिकट चहाची झाक होती.

"चांदी आणि पिवळी?" मी विचारलं.

"कण इतके बारीक झाले की चांदीचा रंग असाच दिसतो. आंधळा सोडून कुणीही ओळखेल."

मी ते वहीत टिपलं. माझी सवयच आहे, नको ते टिपायची.

बुधवारी दुपारी मी फ्रीझरातून दुसऱ्याच नंबरची एक कुपी काढली आणि तिचं लेबल सोलून पाहिलं. बर्फासारखी गार कुपी मुठीत धरून बसावं लागतं, मग नखानं कड उचलायची, मग हळूहळू ओढायचं. घाई केली की कागद फाटतो. एका लेबलाला चार मिनिटं लागली. बारा लेबलांना पाऊण तास, शिवाय बोटं बधिर.

हे कुणी का करावं? कुप्या कुठल्या हे लपवायला? खोक्यातले रिकामे खण तर ओरडून सांगत होते. आणि वाफेत लेबलाचा लगदा होतोच, वेगळं सोलायचं कारण नाही. घाईत गुन्हा करणारा माणूस पाऊण तास बसून एकेक कागद अख्खा काढतो, हे माझ्या गळी उतरेना.

विचार करत मी खिडकीशी आले. पलीकडे मामा बाटल्या भिजत घालून उभे होते, आणि ताटातल्या साबणाच्या फेसात बोटानं काहीतरी गिरवत होते. मला पाहून त्यांनी फेस पुसला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, पण तेवढ्यात धाकटीनं मागून माझी बाही ओढली.

"तुम्हाला एक दाखवायचंय," ती कुजबुजली. "पण तुम्ही मला वेडी म्हणायचं नाही. बाई अजून येतात."

४

तिनं जिन्याखालच्या कोठीचं दार लावून घेतलं.

"मे महिन्यात पहिली दिसली. शनिवारी सकाळी इनक्युबेटर उघडला, तर खालच्या फळीवर, पाण्याच्या ट्रेमागे एक प्लेट. मी ठेवलेली नाही, सरांनी नाही. वर नुसता आकडा. पण रेघा बाईंच्या. तशाच उलट्या फिरलेल्या, आणि शेवटी ती शेपटी."

"मांजर," मी म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?" तिनं डोळे मोठे केले. "तशा तीन सापडल्या. दोन मी शिजवून फेकल्या. ही गेल्या शनिवारची, ही फेकवली नाही."

तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली प्लेट काढली. आकडा होता एकसष्ट. मी ती उजेडात धरली. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या कोपराशी निघायची तीच रेघ होती. तिच्यावर जंतू तरारून आले होते, करडे, ओलसर.

मग मला झाकणाच्या कडेला लाल टिपका दिसला.

"लाल टिपका म्हणजे काय?"

धाकटी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"मी विचारतेय, लाल टिपका कुठल्या प्लेटांना लावता?"

"चांदीच्या," ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. "त्यात आपले कण मिसळलेले असतात. त्यावर काहीच उगवायला नको. एकोणचाळीसपैकी एकही उगवत नाही. हे उगवलं होतं. तिन्ही वेळा."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस."

"काय बोलू? मेलेल्या बाई येऊन प्लेट लावून जातात म्हणू? सरांना म्हणू?" तिनं नाक पुसलं. "आणि खरं सांगू का, भुताची भीती वाटली ती नंतर. आधी वाटलं, माझ्या पाच वर्षांच्या कामाचं वाटोळं झालं. भूत आहे म्हटलं की ते खरं मानायची गरज नव्हती."

मी तिला रागावणार होते. पण माझ्या सहीसाठी पुढ्यात आलेल्या अहवालावर शेवटच्या पानापर्यंत माझाही विश्वास बसला होता, तेव्हा कुठल्या तोंडानं रागावणार? मी नुसती तिच्या शेजारी बसले आणि प्लेट पुन्हा हातात घेतली.

तेव्हा मला ते दिसलं. भुताच्या हातून एक चूक झाली होती.

५

बाई प्लेटवर आधी आकडा घालायची, मागच्या बाजूनं, कडेला. मग आकडा स्वतःपासून लांब, वरच्या अंगाला येईल अशी प्लेट ठेवायची आणि तिथूनच, आकड्यापाशीच, पहिली रेघ सुरू करायची. शेपटी सुटायची ती स्वतःच्या पोटाशी. कायम. तिचं काही मागेपुढे होत नसे.

या प्लेटवर आकडा वर धरला तर रेघ खालून सुरू झालेली होती, आणि शेपटी आकड्याला लागलेली. रेघ तिचीच, फिरायची दिशाही तिचीच, पण सगळं उलट्या टोकाकडून.

त्या रात्री नव्हे, त्याच संध्याकाळी, लख्ख उजेडात, मी बाईच्या स्टुलावर बसले आणि धाकटीच्या वहीतल्या कोऱ्या कागदावर रेघ ओढून पाहिली. बाई ओढायची तशीच ओढली. मग कागद अर्धा फिरवला. माझ्या हातात हुबेहूब एकसष्ट नंबरची प्लेट होती.

शिकणारी सगळी मुलं बाईच्या मागे उभी राहायची, नाहीतर शेजारी. त्यांना रेघ तिच्याच बाजूनं दिसायची. सरांनीही ती शेजारूनच पाहिलेली. तिची रेघ ज्याला आपल्या पोटापासून सुरू झालेली दिसायची, तो माणूस तिच्या समोर उभा असायला हवा. प्लेटच्या मागचा आकडा त्याला दिसणार नाही, तार फिरताना तेवढी दिसेल. आकडा तो आपल्या मनानं घालेल, वर, इतर प्लेटांसारखा.

बाईच्या समोर कुणी बसत नसे. समोर भिंत होती.

मी मान वर केली. समोर सरकती काच होती, आणि काचेमागे, ओल्या बाटलीला फडकं लावत, मामा माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होते.

६

"तुम्ही सगळ्यांना बोलावून विचारलंत," मामा म्हणाले. "मला नाही विचारलं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं. तीन दिवस मी या माणसाच्या अवतीभवती फिरत होते. किल्ल्या असणाऱ्यांची यादी केली, तिच्यात त्यांचं नाव लिहिलं, आणि काच धुणाऱ्याला काय कळणार म्हणून पुढे गेले. शंकासूर म्हणे!

"आता विचारते. बसा, मामा."

ते बसले नाहीत. भिजलेली बोटं विजारीला पुसत उभे राहिले.

"वीस वर्षं ही खिडकी. बाई रेघ ओढायच्या, मी बाटल्या सरकवायचो. बघून बघून बोटांना लागलं. फेसात ओढायचो. बाईंनी एकदा पाहिलं. हसल्या." त्यांनी काचेकडे पाहिलं. "वॉर्डात होत्या तेव्हा मी फळं घेऊन गेलो. तापानं फणफणल्या होत्या. म्हणाल्या, मामा, उद्या एक प्लेट आणा आणि रजिस्टर आणा. आणलं. त्यांनी स्वतःच्या नळीवरून कापसाची काडी फिरवली आणि प्लेटवर रेघ ओढली, पडल्या पडल्या. म्हणाल्या, हा चाळीस. कुप्यांची लेबलं पलंगावर लिहून दिली. भरायच्या कशा ते सांगितलं."

"आणि शनिवारी सापडतात त्या प्लेटा? शुक्रवारी लावता?"

"तीनला सगळे वर मीटिंगला जातात. तेव्हा मी प्लेट लावतो. त्या म्हणाल्या, कुप्यांचं काय सांगावं, हा जिवंत ठेवा. कुणाला बोलू नका, सरांना तर मुळीच नाही."

"किती दिवस?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, कुणीतरी एक दिवस येईल. गुडघा धरत येईल, तोंड कडू असेल, आणि विचारेल, चाळीस कुठे? तिला द्या."

मला तिथं कुणी खुर्ची दिली, का मीच ओढून घेतली, आठवत नाही. मी भेटायला गेले नव्हते. तरी ती मला धरूनच चालली होती. माझ्यावर तिचा माझ्याहून जास्त भरवसा होता.

"मग सोमवारीच का नाही बोललात?"

"सर सारखे तुमच्या आसपास होते. कुप्या तशा निघालेल्या." मामांनी आवाज उतरवला. "बाई म्हणाल्या होत्या, सरांना कळलं तर ते जगायचे नाहीत. का, ते मला नाही सांगितलं."

मला मात्र ते आता दिसायला लागलं होतं. फिकट चहाच्या रंगाची नळी. पाऊण तास मुठीत धरलेल्या बारा कुप्या. आणि डोळ्यांवर चष्मा असताना खिशात गेलेली चष्म्याची डबी.

७

गुरुवारी मी सरांच्या खोलीत गेले. मामांना बरोबर नेलं.

"चाळीस नंबर जिवंत आहे," मी म्हणाले आणि एकसष्ट नंबरची प्लेट त्यांच्यापुढे ठेवली.

ते रेघांकडे बघत राहिले. नुसती रेघ बघून त्यांचा चेहरा असा झाला की मला मान फिरवावीशी वाटली. मग लाल टिपका दिसला, आणि ते एकदम शास्त्रज्ञ झाले.

"हे कुणी लावलं?"

"मी, सर," मामा म्हणाले. "एकसष्ट आठवडे."

"मग याला काही अर्थ नाही." सर उठून उभे राहिले, आवाज चढला. "एकसष्ट आठवडे जंतूला चांदीवर पोसलं तर तो चांदीला सरावणारच! मुळात तो तसा होता हे यावरून सिद्ध होत नाही. ताई, तुम्हाला हे कळायला हवं. मुळात तो मेला असता. नळीनं मारलं असतं त्याला!"

"नाही सर," मामा म्हणाले. "साधी प्लेट पुढं न्यायची, लाल टिपक्याची नुसती बघायची. दर वेळी दोन लावायच्या. पुढच्या आठवड्याला घ्यायचं ते साध्या प्लेटवरूनच. चांदीवरून कधीच घ्यायचं नाही. धुण्याच्या खोलीत कॅलेंडर आहे, त्यावर खुणा केल्यात. पहिल्या शुक्रवारपासून चांदीवर उगवलंय." मग चाचरत त्यांनी पुढचं सांगितलं. "बाई म्हणाल्या होत्या, सर हेच विचारतील."

सर खाली बसले.

मी दार लावून घेतलं. "कंपनीवाल्याला झाकणं सैल करायला सुचलं नसतं. मामांनी शिजवल्या असत्या तर माझ्यासमोर झाकण उघडलं नसतं. धाकटीनं दोन प्लेटा फेकल्या त्या आकड्यासकट. लेबलाशी तिला काय देणंघेणं? पण ज्यानं या कुप्या शिजवल्या त्याला जंतू नको होता आणि अक्षर हवं होतं. असा माणूस इथं एकच आहे. भावोजी, चष्म्याची डबी दाखवा."

चौदा महिन्यांत, खरं तर कित्येक वर्षांत, मी त्यांना भावोजी म्हटलं नव्हतं. त्यांनी डबी काढली, पण उघडली नाही. दोन्ही हातांत धरून बसले.

"तुमचं पत्र आलं तेव्हा मी रजिस्टर काढलं," ते म्हणाले. "तारीख पाहिली. नळीवरून, असं लिहिलेलं. त्या तारखेला तिच्याजवळ एकच नळी होती. मी शनिवारी एक कुपी उघडली, लाल टिपक्याच्या प्लेटवर लावली. रविवारी उगवलं होतं."

"आणि ती नळी तुम्ही बसवली होती. लेपाची."

"नर्सच्या हातात साधं पाकीट होतं. मी बदलून दिलं. परवानगी नव्हती, काही नव्हतं. साध्या नळीनं माणसं तापानं जाताना मी रोज बघत होतो, आणि माझ्या कपाटात चांगली नळी पडून होती. बायकोला नाही तर कुणाला देणार?" त्यांनी डबी मुठीत आवळली. "तिला माहीत नव्हतं, एवढंच समाधान धरून होतो. तिला कळलंच नव्हतं."

मी गप्प राहायला हवं होतं. पण बावीस माणसं रस्त्यापलीकडे पडून होती, आणि अर्धं खरं सांगायची मला सवय नाही.

"भावोजी, साधी नळी पांढरी असते. ही पिवळी. तिनं वर्षानुवर्षं हेच कण पाहिलेत. पहिल्या दिवशीच ओळखलं असणार तिनं. तुम्हाला बोलली नाही. तुम्हाला जपलं, आणि तुमच्यानंतर ज्यांना ही नळी लागणार होती त्यांनाही जपलं. दोन्ही एकदम कसं करायचं, ते तिनं आजारपणात पडून शोधून काढलं."

ते रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. मामा त्यांच्या पाठीवर ओला हात ठेवून उभे राहिले. मग त्यांच्या रडण्यातून शब्द आले, "मीच मारलं तिला," आणि मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. साध्या नळीनं ती वाचली असती का, हे कुणालाच ठाऊक नाही. असल्या प्रश्नाला प्लेट लावता येत नाही.

८

शुक्रवारी मी सही केली, "नामंजूर"वर. अहवाल मागे घेतल्याचं पत्र सरांनी स्वतः लिहून दिलं, पाकिटाची हकीकत त्यात होती. कुप्यांचीही. पुढे समिती त्यांचं जे करायचं ते करेल. धाकटी सकाळीच मला येऊन विचारत होती, चांदी या एकाला का मारत नाही, यावर काम करता येईल का? डोळे सुजलेले होते, पण प्रश्न बरोबर होता. बावीस रुग्णांना पांढऱ्या नळ्याच राहिल्या. त्या वाईटच आहेत, पण निदान त्यांच्यावर कुणी भलता भरवसा ठेवत नाही.

तीन वाजता सगळे वर मीटिंगला गेले. सर गेले नाहीत. ते खाली आले आणि बाईच्या स्टुलाशी थांबले. बसले नाहीत.

मामांनी साध्या प्लेटवरून बारा नव्या कुप्या भरल्या. मी मोजत होते. सरांनी रजिस्टर उघडलं, चाळीसच्या ओळीवर आले. कुणाकडून मिळाला, हा रकाना अजून कोरा होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, "बायकोकडून."

मग त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढून मामांसमोर उघडली. आत लेबलं होती, एकावर एक नीट रचलेली. एकही फाटलेलं नव्हतं. मामांनी एकेक उचलून कुपीला लावलं, वर पारदर्शक पट्टी चिकटवली. तिचं डावीकडे कललेलं अक्षर पुन्हा खोक्यात ओळीनं उभं राहिलं. शेवटची कुपी तशीच राहिली. मामांनी डबीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर चाळीस लिहून त्यांच्या हातात दिलं.

डबीत अकराच लेबलं होती. बारावं कुठे, हे मी विचारलं नाही.